पॅप स्मिअर ॲबनॉर्मल आला आणि सगळे म्हणाले, पिशवी काढून टाक

लॅबवाल्यांची एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. रिपोर्टमध्ये ठळक टाइपात "ॲबनॉर्मल" छापायचं आणि संध्याकाळी साडेसातला पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं व्हायचं. तेव्हा डॉक्टर घरी गेलेली असते, क्लिनिकचा फोन कोणी उचलत नाही, आणि तुम्ही ऐरोलीहून ठाण्याच्या ट्रेनमध्ये दाराजवळ उभ्या, एका हातात कडी आणि एका हातात मोबाइल. मला अगदी असाच आला. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये चाळिशीच्या पुढच्या बायकांना पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, फुकट होता, शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांच्या रांगेत अजून एक टिक, म्हणून करून घेतला. रिपोर्टमध्ये काय, तर "अटिपिकल स्क्वेमस सेल्स ऑफ अनडिटर्माइन्ड सिग्निफिकन्स". खाली बारीक अक्षरात "क्लिनिकली कोरिलेट करा". दिघा गाव यायच्या आत गूगल उघडलं होतं आणि ठाणे येईपर्यंत मनातल्या मनात मुलांना कोण सांभाळणार ते पण ठरवून झालं होतं.

आता हे सगळं मार्गी लागलंय म्हणून हसत लिहितेय. पण लिहायचं कारण म्हणजे त्यानंतर ऑफिसमधल्या आणि सोसायटीतल्या इतक्या जणींनी मला बाजूला घेऊन हळूच "अगं माझा पण असाच काहीतरी आलाय" असं सांगितलं, की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. प्रत्येकीच्या घरी दोनच रस्ते सुचवलेले. एक, काही होत नाही, देवाचं नाव घे आणि रिपोर्ट कपाटात ठेव. दोन, पिशवीच काढून टाक, म्हणजे कटकट गेली. खरं काय असतं तर ते या दोन्हीच्या मधे असतं, आणि ते मधलं आपल्याकडे कोणालाच सहन होत नाही. थांबायचं, पण लक्ष ठेवून थांबायचं, हे आपल्या घरात बसत नाही.

आधी तो रिपोर्ट. ह्या टेस्टमध्ये कॅन्सर आहे की नाही हे ठरतच नाही. पिशवीच्या तोंडावरून ब्रशने पेशी खरवडून घेतात, मायक्रोस्कोपखाली बघतात आणि त्या कशा दिसतायत तेवढं सांगतात. सांगायची जी भाषा आहे तिला बेथेस्डा सिस्टीम म्हणतात, १९८८ पासून आहे, मधेमधे सुधारलीय. "एनआयएलएम" म्हणजे ठीक. "एएससी-यूएस" म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसतायत पण का ते सांगता येत नाही, माझा हाच, आणि ॲबनॉर्मलमध्ये सगळ्यात जास्त येतो तोही हाच. "एलएसआयएल" म्हणजे सौम्य बदल, बहुतेक वेळा व्हायरसचा ताजा परिणाम. "एचएसआयएल" आलं तर मात्र टंगळमंगळ नको, लगेच पुढची तपासणी. "एएससी-एच" आणि "एजीसी" ही दोन नावं वाचायला साधी वाटतात पण डॉक्टर ती गंभीरपणे घेतात, विशेषतः एजीसी, कारण त्या आतल्या ग्रंथींच्या पेशी असतात आणि पस्तिशीच्या पुढच्या बाईला पिशवीच्या आतल्या अस्तराची तपासणी पण सांगतात. आणि आपल्याकडे भरपूर बायकांना येतो तो "इन्फ्लमेटरी स्मिअर", म्हणजे सूज किंवा इन्फेक्शन दिसतंय, त्याचा अर्थ कॅन्सरची सुरुवात असा नाही. "अनसॅटिस्फॅक्टरी" म्हणजे सॅम्पल नीट आलं नाही, काही महिन्यांत परत द्या. त्याचंही लोक टेन्शन घेतात.

पॅप हे नाव पापानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरवरून आलंय. ग्रीसचा माणूस, अमेरिकेत न्यूयॉर्कला गेला, गिनी पिगवर काम करत करत बायकांच्या पेशींपर्यंत पोचला. १९२८ मध्ये त्याने सांगितलं की अशा पेशी बघून कॅन्सर ओळखता येतो, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, १९४० नंतर घेतलं. पण माझ्या डोक्यात राहिली ती त्याची बायको. आंद्रोमाखी तिचं नाव, मेरी म्हणायचे, त्याच्याच लॅबमध्ये काम करायची आणि संशोधनासाठी वर्षानुवर्षं स्वतःचा स्मिअर देत राहिली. टेस्टला नाव मात्र नवऱ्याचं.

तर एएससी-यूएस आला की पुढचा प्रश्न एकच असतो, एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे का. माझा लिक्विड बेस्ड होता, म्हणजे ब्रश काचेवर न फासता बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवात बुडवतात, त्यामुळे उरलेल्या सॅम्पलवरच एचपीव्ही टेस्ट करता आली, परत टेबलावर चढावं लागलं नाही. (तुम्ही करणार असाल तर आधीच विचारून लिक्विडवालीच करा, चार पैसे जास्त जातील.) रिझल्ट आला, १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, "अदर हाय रिस्क" पॉझिटिव्ह.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले चौदाएक डेंजर, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोन मुख्य, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के ह्या दोघांमुळे. हाराल्ड त्सूर हाउझेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे दोन शोधून काढले, २००८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे हा कॅन्सर जवळपास सगळाच एका व्हायरसमुळे होतो. घराण्यात आहे म्हणून येईल, नाही म्हणून येणार नाही, अशातला हा नाही. मला पहिल्यांदा सगळ्यांनी हेच विचारलं, तुमच्यात कोणाला होता का.

आणि मग घरी दुसरा प्रश्न आला, जो येणारच होता. हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो. रात्री मुलं झोपल्यावर नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला आणि आवाज एकदम साधा ठेवून म्हणाला, "हे कुठून आलं?"

"मला काय माहीत. तुला माहितेय का?"

त्यानंतर बराच वेळ पंख्याचाच आवाज. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण जिच्या जिच्या घरी एचपीव्ही पॉझिटिव्ह आला तिच्या तिच्या घरी हे झालंय, कोणी बोलून दाखवलं, कोणी मनात ठेवलं. उत्तर असं आहे की यातून काहीच सिद्ध होत नाही. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी हा होऊन जातो, लक्षणं नसतात म्हणून कळत नाही. अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून नंतर टेस्टमध्ये दिसू शकतो. आज पॉझिटिव्ह आला म्हणजे काल आला असं नाही. कोणाकडून आला, कधी आला, हे कुठलीच टेस्ट सांगत नाही, आणि पुरुषांसाठी अशी रुटीन टेस्ट नाहीये, त्यामुळे "मी पण करून येतो" हे सुद्धा शक्य नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. हे सगळं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा सुटला. माझा थोडा नंतर सुटला, खोटं कशाला बोलू.

ती डॉक्टर दुसरी. पहिल्यांदा जिथे गेले ते स्टेशनजवळचं क्लिनिक, नाव घेत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट वरून खाली एकदा बघितला आणि म्हणाल्या, "दोन मुलं झाली ना? झालं मग. पिशवी काढून टाकू, तीन दिवस ॲडमिट, टेन्शनच नको." तपासलं नाही, कोल्पोस्कोपी (भिंगातून पिशवीचं तोंड बघायची तपासणी) हा शब्द उच्चारला नाही. मेडिक्लेम आहे का ते मात्र लगेच विचारलं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले तर शेजारची बाई सांगायला लागली की तिच्या नणंदेची तशीच काढली, आता कंबर धरून बसलीय. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आपण २०१९ मध्ये वाचल्या तेव्हा हळहळलो होतो, पण इकडे शहरात एसी केबिनमध्ये पण तेच वाक्य तितक्याच सहज येतं.

नौपाड्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना मी हेच विचारलं, काढून टाकली तर काय बिघडतं? त्या वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, एक तर तुम्हाला काय झालंय हेच अजून कळलेलं नाही, सौम्य बदल असेल तर तो बहुतेक आपोआप जातो, त्यासाठी पोट उघडणं म्हणजे विनाकारण मोठं ऑपरेशन. दुसरं म्हणजे आत खरोखर कॅन्सर लपलेला असेल आणि मी न बघता साधी पिशवी काढली, तर ते चुकीचं ऑपरेशन होईल, कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आणि मग पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि तिसरं, मोठा बदल होता म्हणून पिशवी काढली तरी व्हायरस आजूबाजूच्या कातडीत असू शकतो, त्यामुळे नंतरही वर्षानुवर्षं तपासणी चुकत नाही. म्हणजे ज्या कटकटीतून सुटायला काढायची ती कटकट राहतेच. हे तीन मुद्दे मी त्या दिवशी मोबाइलमध्ये टाइप करून ठेवले आणि तेव्हापासून किती जणींना फॉरवर्ड केलेत.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर चित्र काढलं. पिशवीच्या तोंडावर बाहेरून एक जाड, चपट्या पेशींची कातडी असते आणि आतून एक नाजूक, उभ्या पेशींचा थर. दोन्ही जिथे भेटतात ती पट्टी सतत बदलत असते, पाळी सुरू होताना, बाळंतपणात, वयानुसार. व्हायरसला शिरायला तीच जागा सोपी पडते आणि गडबड तिथेच सुरू होते. स्मिअरचा ब्रश तिथूनच फिरवायचा असतो.

कोल्पोस्कोपी म्हणजे काय ते सांगते कारण ह्या नावानेच अर्ध्या जणी पळतात. ऑपरेशन नाही, भूल नाही, ॲडमिट नाही. टेबलावर आडवं व्हायचं, पाय वर अडकवायचे, सिस्टर सारखी "ताई अजून खाली सरका, अजून, अजून" म्हणते, आणि आपल्याला वाटतं आता खाली पडणार. स्पेक्युलम गार. पुढे दुर्बिणीसारखा मोठा भिंगवाला कॅमेरा असतो पण तो आत जात नाही, बाहेरूनच बघतात. माझ्या बाजूला स्क्रीन होता आणि डॉक्टरांनी विचारलं, बघायचंय? मी म्हटलं दाखवा. चाळीस वर्षं अंगात आहे आणि आज पहिल्यांदा दिसतंय, गुलाबी, ओलं, मधे बारीक छिद्र. मग त्यांनी कापसाने ॲसिटिक ॲसिड लावलं, म्हणजे व्हिनेगरच, तीन ते पाच टक्क्यांचं, खोलीत चायनीजच्या गाडीवरचा वास. जरा चुरचुरलं. मिनिटभर थांबल्या आणि बोटाने स्क्रीनवर दाखवलं, वरच्या बाजूला एक पांढरट डाग हळूहळू उठत होता, लोणच्याच्या बरणीत वर बुरशीचा पातळ पापुद्रा यावा तसा. जिथे पेशी गडबडलेल्या असतात तिथे व्हिनेगरने असं पांढरं होतं. मग आयोडीन. चांगल्या पेशीत साखरेचा साठा असतो त्यामुळे त्या गडद तपकिरी होतात, बिघडलेल्या पिवळट राहतात. दोन्ही वेळा तोच डाग उठून दिसला. तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, हीच बायोप्सी. चिमटा बसला, ओरडण्यासारखं नव्हतं, पण काहीच दुखत नाही असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, पोटात पाळीसारखी कळ येते.

पांढरा डाग दिसला म्हणजे संपलं असंही नाही हं. सूज असली तरी थोडं पांढरं होतं. नक्की काय ते बायोप्सीच सांगते.

बायोप्सी आली "सीआयएन १". सीआयएनच्या तीन पायऱ्या आहेत. कातडीच्या खालच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत बदल म्हणजे १, दोन तृतीयांशपर्यंत २, त्याच्या वर ३. आणि ह्या तिन्ही पायऱ्या कॅन्सर नाहीत, कॅन्सरच्या आधीच्या आहेत. १ बहुतेक वेळा आपोआप जातो कारण तो व्हायरसच अंगातून जातो, दहातल्या नऊ जणींच्या बाबतीत इन्फेक्शन दोनेक वर्षांत निघून जातं. म्हणून माझ्यावर काहीही उपचार केले नाहीत. गोळी नाही, मलम नाही, एक वर्षाने परत एचपीव्ही टेस्ट. बस.

हे "बस" घरी सांगणं हा सगळ्यात कठीण भाग होता. सासूबाईंना वाटलं डॉक्टर लपवतायत. माझ्या बहिणीला वाटलं डॉक्टर निष्काळजी आहे. शेजारणीने काढा सांगितला, अजून कोणी कडुलिंब, कोणी कसली तरी आयुर्वेदिक कॅप्सूल, तीन महिन्यांचा कोर्स. माझं मत विचाराल तर ह्या कॅप्सूलवाल्यांचा धंदाच यावर चालतो की व्हायरस तसाही आपला आपण जाणार असतो, गेला की श्रेय यांचं. खरोखर उपयोगी पडेल असं एकच डॉक्टरांनी सांगितलं, सिगारेट ओढत असाल तर सोडा, कारण त्याने व्हायरस टिकून राहतो आणि धोका वाढतो. मी ओढत नाही. ऑफिसच्या खाली टपरीवर ओढणाऱ्या मुलींना मात्र सांगून आले, त्यांनी मला काकू म्हणून घेतलं.

आता दुसरी बाजू, नाहीतर कोणी म्हणेल ही बाई सगळ्यांना घरी बसायला सांगतेय. माझं ऐकून माझी मोठी जाऊ, खारघरला असते, तिने पण टेस्ट केली. ताईचं वय ४६, कधीच केली नव्हती, तक्रार काहीच नाही. तिचा आला एचएसआयएल आणि एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह. बायोप्सीत सीआयएन ३. इथे थांबायचं नसतं. न्यूझीलंडमध्ये एके काळी काही बायकांचा सीआयएन ३ नीट उपचार न करता नुसता बघत ठेवला होता, ते प्रकरण तिथे फार गाजलं, आणि त्याच्याच नोंदींवरून पुढे कळलं की असा सोडून दिला तर तीस वर्षांत साधारण ३० टक्के जणींना कॅन्सर होतो. तीस टक्के म्हणजे उद्या नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. एरवी व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, एचआयव्ही किंवा दुसऱ्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर पाच-दहा. एवढा वेळ देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल.

ताईचं लीप केलं. तारेचा बारीक फास असतो, त्यातून करंट जातो आणि तेवढाच बिघडलेला भाग कापून निघतो. तोंडावर इंजेक्शन देऊन जागा बधिर केली, वीसेक मिनिटं, संध्याकाळी घरी. ती म्हणाली दुखलं नाही पण जळका वास आला तो विसरत नाही. चार-सहा आठवडे जड उचलायचं नाही, संबंध नाही, पोहायचं नाही. गणपती तोंडावर आलेले आणि मोठ्या सुनेने जड उचलायचं नाही म्हटल्यावर घरात जी पळापळ झाली ती वेगळ्या पोस्टचा विषय आहे. दीरांनी आयुष्यात पहिल्यांदा पितळेची समई माळ्यावरून काढली. तुकड्याचा रिपोर्ट आला, सीआयएन ३ च, कडा साफ, कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट, मग काही काळ दरवर्षी, आणि एकूण पंचवीस वर्षं लक्ष ठेवायला सांगितलंय. ताई म्हणाली, "तोवर मी एकाहत्तर वर्षांची होईन गं." मी म्हटलं, व्हा की, चांगलंय.

एक सांगायचं राहिलं, ज्या मुलींना अजून मूल हवंय त्यांनी लीपच्या आधी डॉक्टरांशी नीट बोला. त्यानंतर दिवस राहतात, पण वेळेआधी बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो. सीआयएन १ ला उगाच लीप करत नाहीत त्याचं हेही एक कारण.

सासूबाईंचा मुद्दा वेगळाच होता. "पांढरं जातंय का तुझं? नाही ना? दुखतंय? नाही. मग चांगल्या अंगाला डॉक्टर कशाला लावून घेतलास?" आपल्या आईंच्या पिढीला त्रास झाल्याशिवाय दवाखाना माहीतच नाही, आणि त्रास झाला तरी सांगायचं नाही. आता ह्या पायऱ्यांवर लक्षणं नसतातच. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग, पाळी गेल्यावर परत अंगावरून जाणं, घाण वासाचं पाणी, ही लक्षणं दिसली तर मग स्मिअरची वाट बघत बसायचं नाही, सरळ तपासून घ्यायचं, मागचा स्मिअर नॉर्मल असला तरी. एका पॅपमध्ये बदल सुटून जाऊ शकतो, त्यात लाजण्याचं किंवा वाद घालण्याचं काही नाही.

माझं माहेर बार्शीचं, त्यामुळे पुढचं सांगताना मला जरा जास्तच अभिमान आहे. आईला फोनवर सांगितलं की एचपीव्ही टेस्ट केली, तर ती म्हणाली, "अगं ती तर आपल्याकडं लई आधी झालीया. दवाखान्याच्या बाया गाडीनं गावोगाव जायच्या, तुझ्या भूमच्या मावशीला पण नेलं होतं." मी उडालेच. शोधलं तर खरंच, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटा हॉस्पिटल आणि बाहेरच्या देशातल्या संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. काही गावांत एचपीव्ही, काही गावांत पॅप, काही ठिकाणी व्हिनेगर, आणि काहींना नेहमीसारखंच. आठ वर्षांनी, २००९ मध्ये निकाल छापून आला, आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टने पुढे गेलेले कॅन्सर आणि मृत्यू साधारण निम्म्यावर आले. जगभरात आज एचपीव्ही टेस्टला पहिला मान देतात त्यामागे ह्या आमच्याकडच्या नऊवारीतल्या बायका पण आहेत. मुंबईत टाटाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण अर्ध्या जणींची व्हिनेगरची तपासणी, दहावी शिकलेल्या मुलींना ट्रेनिंग देऊन, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्हीकडे ज्या गटाला तपासणी दिलीच नाही त्यावरून नंतर वादही झाला, आणि तो वाद मला पटतो. त्या गटातल्या बायका पण कोणाच्या तरी मावश्याच होत्या.

आणि एवढं सगळं आपल्याच मातीत होऊन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती बायकांनी ही तपासणी कधीतरी केलीय, तर देशभरात १.९ टक्के. शंभरात दोन पण नाहीत. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नवीन पेशंट आणि पंचाहत्तर-ऐंशी हजार मृत्यू. २०२४ मध्ये एका मॉडेलने ह्याच कॅन्सरने मेल्याचं खोटं नाटक केलं तेव्हा दोन दिवस सगळीकडे हाच विषय होता, तिसऱ्या दिवशी सगळे तिला शिव्या देण्यात बिझी. टेस्ट किती जणींनी केली देव जाणे.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करायचं धोरण २०१६ पासून आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात विचारून यायला सांगितलंय, कारण प्रायव्हेटमध्ये त्यांचा अर्धा पगार जाईल. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत एकदा चांगली एचपीव्ही टेस्ट झाली तरी खूप झालं. दरवर्षी करायची गरज नाही, एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर पाच वर्षं निवांत.

लेकीचं एचपीव्हीचं व्हॅक्सिन मात्र घेऊन टाकलं. बारा वर्षांची आहे, पुण्याच्या सीरमचं सर्वाव्हॅक, २०२३ पासून मिळतंय, चौदापर्यंत दोन डोस. तिने विचारलं कशासाठी, मी सांगितलं कॅन्सर होऊ नये म्हणून, तिने हात पुढे केला, संपलं. मी उगाच आठवडाभर वाक्यं जुळवत बसले होते. मला आता घेऊन उपयोग आहे का हे विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, आधीच असलेला व्हायरस त्याने जात नाही. आणि व्हॅक्सिन घेतलं तरी तिला मोठेपणी तपासणी लागणारच, सगळे प्रकार त्यात येत नाहीत.

आता ज्यांची कोल्पोस्कोपीची अपॉइंटमेंट ठरलीय त्यांच्यासाठी. पाळी सुरू असताना जाऊ नका, तारीख आधीच मोजून घ्या. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत लावायची क्रीम किंवा गोळी नको. स्मिअर, एचपीव्ही, बायोप्सी तिन्हीच्या प्रिंट एका फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवरची पीडीएफ ऐन वेळी उघडत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा, माझी पायरी कुठली आणि पुढची तारीख कधी. जीन्स घालून जाऊ नका, लांब कुर्ता किंवा साडी बरी, अंगावर तेवढंच पांघरूण राहतं. पर्समध्ये पॅड ठेवा, बायोप्सी झाली तर दोन-चार दिवस तपकिरी-काळसर जातं, ते औषधाचं असतं, घाबरायचं नाही, पण पॅड भराभर भिजायला लागलं किंवा ताप आला तर फोन करा. आणि येताना ट्रेनची गर्दी नको, रिक्षाने या, घोडबंदरचं ट्रॅफिक असलं तरी.